दडा बसलाय की कान गेलाय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“मी ४७ वर्षांची आहे. कराडला बँकेत कॅशिअर आहे. गेल्या महिन्यात आमच्या घरात सगळ्यांना सर्दी-ताप येऊन गेला, मलाही आठवडाभर होता. बरी झाले, आणि सोमवारी सकाळी उठले तर उजवा कान बंद. सवयीने फोन उजव्या कानाला लावला तर पलीकडून कुणी बोलतच नाही असं वाटलं. डाव्या कानाला लावला तर आवाज खणखणीत. शेजारच्या खोलीत मिक्सर चालू असावा तशी कानात सारखी घरघर. सर्दीने दडा बसला असेल म्हणून सासूबाईंनी लसणीचं कोमट तेल घातलं. पाचव्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मळ असेल म्हणून थेंब दिले. नवव्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मशीनवर तपासलं आणि म्हणाले, नस कमजोर झालीय, व्हायरल असावं, कानाच्या पडद्यातून स्टेरॉइडची इंजेक्शनं घ्यावी लागतील. मला शुगर आहे, स्टेरॉइडची फार भीती वाटते. व्हायरल आहे तर व्हायरसवरचंच औषध का देत नाहीत? घरातल्या मुलांना हे लागेल का? दुसराही कान जाईल का? गायिका अलका याज्ञिक यांना झालं ते हेच का?”

ताई,

तुमची मेल वाचली त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला, कारण हे उत्तर छापून तुमच्या हातात पडेपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. कान बंद झाल्याला तेव्हा दहा दिवस झाले होते. फोनवर मी एवढंच म्हणाले की व्हायरसचं आपण नंतर बघू, उद्या सकाळी पहिलं इंजेक्शन घ्या. तुम्ही घेतलंत, आज दोन झालीत. तेव्हा आता जरा सावकाश बोलू. तुमच्याशी, आणि ज्यांचा कान उद्या सकाळी असाच बंद होणार आहे त्यांच्याशीही.

याज्ञिकबाईंनी जून २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं, की विमानातून उतरल्यावर त्यांना अचानक काही ऐकू येईना, आणि विषाणूच्या हल्ल्यामुळे नसेचं दुर्मिळ बहिरेपण आल्याचं निदान डॉक्टरांनी केलं. त्यांच्या तपासण्यांबद्दल मी काही बोलणं योग्य नाही. पण हो, तुमच्या रिपोर्टवर जे लिहिलंय ते त्याच घराण्यातलं दुखणं आहे. तीन दिवसांच्या, म्हणजे ७२ तासांच्या आत, तपासणीतल्या लागोपाठच्या किमान तीन स्वरपट्ट्यांमध्ये ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकणं कमी झालं आणि बिघाड आतल्या कानात किंवा नसेत असला, की आम्ही त्याला अचानक आलेलं नसेचं बहिरेपण म्हणतो. बहुतेकांचा एकच कान जातो. पुष्कळांना तो सकाळी उठल्यावर कळतो, किंवा तुमच्यासारखाच फोनवर कळतो. सोबत कानात घरघर किंवा शिट्टी जवळजवळ सगळ्यांनाच असते, आणि तीनेक जणांतल्या एकाला गरगरतं. अमेरिकेतल्या अंदाजांप्रमाणे दरवर्षी लाखात ५ ते २७ जणांना हे होतं. म्हणजे कराडएवढ्या गावात वर्षाला काही माणसं तरी असतीलच. त्यातली किती वेळेवर कानाच्या डॉक्टरांकडे पोचतात, हा विचार मला अस्वस्थ करतो.

सासूबाईंना बोल लावू नका. सर्दीने दडा बसतो तोही असाच वाटतो, कान भरल्यासारखा, आत पाणी गेल्यासारखा. नस गेलेल्या कानाचा पडदा निरोगीच दिसतो, त्यामुळे नुसता कानात टॉर्च मारून डॉक्टरलाही फरक कळेलच असं नाही. फरक कळतो तो ट्युनिंग फोर्कने, म्हणजे नादकाट्याने, आणि नक्की कळतो तो ऑडिओमेट्रीने, म्हणजे मशीनवरच्या ऐकण्याच्या तपासणीने. पण घरच्या घरी एक परीक्षा करता येते, ती सगळ्यांनी आत्ताच करून बघा. ओठ मिटून, ॐ मधला मकार लांबवतात तसा, ‘म्म्म’ असा सूर धरा. आता एका कानात बोट घालून पुन्हा धरा. सूर बोट घातलेल्या कानाकडे सरकला ना? मळाने किंवा सर्दीने बंद झालेला कान असाच वागतो, तो गुणगुण स्वतःकडे ओढतो. नसेचा कान उलट वागतो, सूर चांगल्या कानाकडे पळतो. कान बंद आहे आणि गुणगुण दुसऱ्या कानात वाजतेय, तर तेल, थेंब, वाफ, काही करत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. तालुक्याला नसतील तर जिल्ह्याला जा. आणि परीक्षेचा अर्थ नीट लागला नाही तरीही जा, कारण ही परीक्षा तुम्हाला लवकर निघायला लावण्यासाठी आहे, घरी थांबवण्यासाठी नाही.

हे मी इतक्या पोटतिडकीने सांगतेय त्याचं कारण कानाच्या रचनेत आहे. ऐकण्याचं खरं काम मटारच्या दाण्याएवढ्या एका शंखात होतं. अडीच वेढ्यांचा तो शंख, आणि त्यात एका कानाला जेमतेम पंधरा हजार केसपेशी. आवाजाच्या लाटेचं विजेच्या संदेशात रूपांतर त्या करतात. त्यांना रक्त पुरवणारी धमनी एकच, आणि ती तुंबली तर दुसऱ्या वाटेने रक्त येण्याची सोय नाही. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. पण दमलेली, सुजलेली, मरायच्या वाटेवर असलेली पेशी सावरू शकते. सगळा उपचार त्या सावरू शकणाऱ्या पेशींसाठी असतो, आणि त्या फार दिवस वाट बघत नाहीत.

आता व्हायरसकडे येऊ.

विषाणू कान घालवू शकतो यात शंका नाही. माझी आत्या पाच वर्षांची असताना तिला गालगुंड झाले. ताप उतरला, गाल उतरले, घरच्यांना वाटलं पोर बरी झाली. डावा कान गेलाय हे कळलं ते तिला चौथीत शाळेतल्या बाईंनी स्वतःच्या डाव्या हाताच्या बाकावर बसवलं आणि ती ‘लक्ष देत नाही’ म्हणून मार खाऊ लागली तेव्हा. गालगुंडाने जाणारा कान बहुधा एकच असतो आणि सहसा परत येत नाही. लहान मूल सांगू शकत नाही, म्हणून तो उशिरा कळतो. गोवर, रुबेला, कांजिण्या आणि नागिणीचा विषाणू, हे सगळे कानापर्यंत पोचू शकतात. आई गरोदर असताना सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग पोटातल्या बाळाला झाला, तर बाळ बहिरं जन्मू शकतं किंवा पुढे काही वर्षांत बहिरं होऊ शकतं. पश्चिम आफ्रिकेत लासा तापातून उठलेल्या पुष्कळ माणसांचे कान असेच अचानक जातात. कोविडनंतर कान गेल्याच्या नोंदीही २०२० पासून जगभरातून आल्या.

एक बाजूची गोष्ट सांगून घेते, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची मिळत नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र तिन्ही रोगांची एकत्र लस, म्हणजे एमएमआर, घ्यायला सांगते. पहिला डोस नवव्या महिन्यात, दुसरा पंधराव्या महिन्यात आणि तिसरा चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. तुमच्या घरात, शेजारात लहान मुलं असतील तर त्यांचं कार्ड काढून बघा. त्यावर नुसतं एमआर लिहिलंय की एमएमआर, तेवढं एक अक्षर तपासा.

तर विषाणूने कान जातो हे खरं. पण तुमचा कान विषाणूनेच गेला का? इथे मी तुमच्या डॉक्टरांइतकंच म्हणेन, ‘असावं’. अचानक कान गेलेल्या दहा जणांपैकी जवळजवळ नऊ जणांत कारण सापडतच नाही, आणि त्या नऊ जणांत सगळ्यात जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द म्हणजे व्हायरल.

सापडत का नाही? कारण तो शंख शरीरातल्या सगळ्यात टणक हाडात बंदिस्त आहे. यकृताचा किंवा कातडीचा तुकडा काढून तपासतात तसा त्याचा तुकडा काढता येत नाही. काढायला गेलो तर उरलंसुरलं ऐकणंही जाईल. मग अभ्यास व्हायचा कसा? ज्यांचा कान कधीकाळी असा गेला होता अशा माणसांनी मृत्यूनंतर आपल्या कानशिलाची हाडं दान केली, त्यांच्या पातळ चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या. बॉस्टनमध्ये हॅरल्ड शुक्नेक्ट यांनी हे काम आयुष्यभर केलं. १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मांडलं, की या हाडांत दिसणारी झीज गालगुंड-गोवराने गेलेल्या कानांतल्या झिजेशी जुळते, तेव्हा कारण बहुधा विषाणूच. पुष्कळ डॉक्टरांच्या तोंडी आज जो ‘व्हायरल’ शब्द आहे, त्याच्यामागे ही हाडं आहेत. मग २००५ मध्ये बॉस्टनमध्येच सौमिल मर्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सतरा कान तपासले. त्यातला एक कान बहिरेपण ताजं असतानाच मृत्यू झालेल्या माणसाचा होता. ताज्या संसर्गात दाहक पेशींची जी गर्दी दिसायला हवी, तिचा तिथे मागमूस नव्हता. त्यांनी वेगळीच शक्यता पुढे केली. पेशींच्या आतली संकटाची घंटा कुठल्या तरी कारणाने वाजते आणि पेशी काम थांबवतात. ती घंटा वाजवणारा विषाणू कानातच असायला हवा असं नाही. शरीरात दुसरीकडे चाललेल्या लढाईनेही ती वाजू शकेल.

म्हणून तुमच्या आठवडाभराच्या तापाकडे मी असं बघते. तीन वाटा संभवतात. विषाणू थेट आतल्या कानात शिरला, किंवा वर्षानुवर्षं नसेच्या गाठीत झोपलेला जुना विषाणू तापाने जागा झाला, किंवा विषाणू कानापर्यंत आलाच नाही, तुमच्या प्रतिकारशक्तीने त्याच्याशी लढताना कानालाही फटका दिला. आणि चौथी गोष्टही खरी असू शकते, की ताप आणि कान एकापाठोपाठ आले हा निव्वळ योग. त्या महिन्यात तुमच्या अख्ख्या घराला सर्दी होती, कान फक्त तुमचा गेला. रक्तात अँटिबॉडी तपासून याचा निकाल लागत नाही. नागिणीच्या, ओठावर तापाचे फोड उठवणाऱ्या विषाणूच्या अँटिबॉडी तुमच्या-माझ्या वयाच्या बहुतेकांच्या रक्तात असतातच. कुणी हजारो रुपयांची ‘व्हायरल पॅनेल’ तपासणी सुचवली तर नम्रपणे नको म्हणा. ते पैसे एमआरआयसाठी ठेवा, त्याबद्दल पुढे सांगते.

तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, की विषाणूचा संशय आहे तर त्याच्यावरचं औषध का नाही? हाच विचार डॉक्टरांनीही केला होता. स्टेरॉइडसोबत असायक्लोव्हिर किंवा तसलं औषध काहींना दिलं, काहींना नाही दिलं, आणि दोन गटांची तुलना केली. अशा चाचण्या एकाहून अधिक देशांत झाल्या. औषध घेतलेल्यांचे कान जास्त सुधारले नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१९ मध्ये त्या सुधारल्या, त्यात हे औषध सरसकट देऊ नये असं स्पष्ट आहे. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या गोळ्यांबद्दलही तेच. याला एक मोठा अपवाद आहे, तो लक्षात ठेवा. कान दुखतोय, कानाच्या पाळीवर किंवा आत पाणीदार फोड आलेत, त्याच बाजूचा चेहरा वाकडा होतोय, डोळा मिटत नाहीये, तर ती कानातली नागीण. तिथे विषाणूचं औषध हवंच, तेही लगेच. तुम्हाला फोनवर मी फोडांबद्दल दोनदा विचारलं ते यासाठी.

आता स्टेरॉइड. या औषधाबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. १९८० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या चाचणीत स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ६१ टक्के सुधारले, न घेतलेल्यांपैकी ३२ टक्के. नंतरचे अभ्यास इतके ठाम निघाले नाहीत. काही न करताही एक तृतीयांश ते दोन तृतीयांश माणसांचं ऐकणं थोडंफार परत येतं, बहुतेक करून पहिल्या दोन आठवड्यांत. म्हणून कुणी ‘अमुक काढ्याने कान आला’ म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं नाही, त्याचा कान येणारच होता. पण आपला कान त्यातला आहे की नाही हे आधी कळत नाही, आणि थांबून पाहिलं तर स्टेरॉइडची वेळ निघून जाते. पहिले काही दिवस सगळ्यात मोलाचे, दोन आठवड्यांच्या आत सुरू करावं, आणि त्यानंतरही दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान पडद्यातून इंजेक्शन देऊन पाहण्यासारखं असतं. सहा आठवडे उलटून आलेल्या माणसाला काय सांगायचं हे मला आजही नीट जमत नाही. मागे एक ड्रायव्हर आले होते, दोन महिन्यांनी. तोवर त्यांनी नसांना ताकद देणाऱ्या गोळ्यांची तीन पाकिटं संपवली होती.

तुमच्या शुगरसाठी इंजेक्शनच बरं, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते निवडलं याचं मला समाधान वाटलं. तोंडाने घ्यायचं तर दिवसाला ६० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोलोन लागतं, एक ते दोन आठवडे, आणि शुगर खात्रीने वर जाते. पडद्यातून दिलं तर औषध थेट आतल्या कानाच्या दारात पोचतं, रक्तात फार थोडं उतरतं. परिणाम कमी पडतो का? २०११ मध्ये अमेरिकेत अडीचशे रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. दोन महिन्यांनी गोळ्यांच्या गटात सरासरी ३०.७ डेसिबल सुधारणा होती, इंजेक्शनच्या गटात २८.७. म्हणजे उन्नीस-बीसचाही फरक नाही. आणि ‘मोठा डोस द्या, लवकर गुण येईल’ हेही खरं नाही. जर्मनीत शेकडो रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खूप मोठ्या डोसने नेहमीच्या डोसपेक्षा जास्त काही साधलं नाही. इंजेक्शन घेताना पडदा बधिर करतात, बारीक सुईने औषध सोडतात, मग कान वर करून अर्धा तास कुशीवर पडून राहायचं, शक्यतो आवंढा गिळायचा नाही. जरा गरगरेल, घशात कडू उतरेल. बाकी तुम्ही अनुभव घेतलाच आहे. शुगर मात्र या दिवसांत घरी तपासत राहा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर.

एमआरआय करून घ्या. औषधं संपेपर्यंत थांबलात तरी चालेल, पण टाळू नका. अशा शंभर जणांतल्या थोड्या जणांना ऐकण्याच्या नसेवर साधी, हळू वाढणारी गाठ निघते. ती कर्करोगाची नसते, पण माहीत असायला हवी. डोक्याचा साधा सीटी स्कॅन यासाठी उपयोगाचा नाही.

मुलांना बहिरेपण लागत नाही. सर्दी लागली असेल तर ती लागून गेली. दुसऱ्या कानाचं म्हणाल तर दोन्ही कान असे जाणं विरळ आहे, पण आता डावा कान एकटा आहे, त्याला जपा. लग्नातल्या डीजेपासून आणि गणपतीतल्या स्पीकरच्या भिंतीपासून लांब राहा. डाव्या कानाने कधी कमी ऐकू आलं तर एक दिवसही थांबू नका. आणि बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळा पडला, उभंच राहता येईना, तर तो कानाचा विषय नाही. मेंदूचा झटका समजून सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.

तुमचा ऑडिओग्राम, म्हणजे ऑडिओमेट्रीचा आलेख, मी पाहिला. उजव्या कानाची रेषा ६५ डेसिबलच्या आसपास आहे. हे थोडं नाही. पण रेषा तळाला टेकलेली नाही, तुम्हाला चक्कर आलेली नाही, वयही फार नाही, आणि या तिन्ही बाजू तुमच्या आहेत. दिवस थोडे उशिराचे आहेत, ती एक बाजू विरुद्ध. पूर्ण कान येईल असं वचन मी देत नाही. थोडासा जरी वर आला तरी गर्दीत बोलणं कळण्यात फार फरक पडतो.

तोवर बँकेत काउंटरची जागा बदलून मागा. खिडकी आणि माणसं डाव्या हाताला येतील असं बसा. साहेबांना स्पष्ट सांगा, लपवू नका. लोक समजतात तुम्ही मुद्दाम ओ देत नाही, आणि त्याने होणारे गैरसमज कानापेक्षा जास्त थकवतात. एका कानाने आवाज कुठून येतोय ते कळत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना हॉर्नवर विसंबू नका, मान वळवून बघा. स्कूटी महिनाभर बाजूला राहू द्या. घरघरीने झोप लागत नाही म्हणालात, तर रात्री पंखा किंवा हळू आवाजात रेडिओ चालू ठेवा, पूर्ण शांततेत ती जास्त ऐकू येते. कान आलाच नाही तर पुढचे रस्ते आहेत. साधं श्रवणयंत्र आहे, आणि उजवीकडचा आवाज डाव्या कानात पोचवणारं यंत्रही असतं. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या सगळ्याची तपासणी आणि मार्गदर्शन मिळतं. पण त्याची आज घाई नाही.

उरलेली दोन इंजेक्शनं ठरल्या दिवशीच घ्या, शनिवारवर ढकलू नका. शेवटच्या इंजेक्शननंतर पुन्हा ऑडिओमेट्री करा आणि सहा महिन्यांच्या आत आणखी एकदा. पहिल्या दिवसाचा कागद जपून ठेवा. नवा आला की दोन्हींचे फोटो मला पाठवा, शेजारी ठेवून बघू.